हळद लाल का झाली?

श्रावणातली सकाळ होती. बालवाडीत मुलांना बोटांनी रंगवायला हळद कालवून दिली होती. कागद म्हणजे जुन्या कॅलेंडरची पानं, मागची कोरी बाजू वर करून. पावणेचार वर्षांची एक मुलगी दोन्ही तळवे पिवळे करून ठसे उमटवत बसली होती. मनासारखे ठसे झाल्यावर ती आपणहून उठली, मोरीशी गेली, हाताला साबण लावला आणि किंचाळली, "ताई, रक्त!"

पिवळे हात लालतांबडे झाले होते. मी धावले. तिचे डोळे भरून आले होते आणि ती माझ्या तोंडाकडे बघत होती. "अगं, हळदीला साबण लागला की ती लाल होते," हे वाक्य अगदी ओठांवर आलं होतं. ते मी गिळलं आणि विचारलं, "दुखतंय का गं?"

"नाही."

"मग बघ बरं, कुठे कापलंय ते."

तिनं हात उलटसुलट करून पाहिले, हुंगले. काही न बोलता हळदीच्या वाटीपाशी गेली, एक बोट बुडवलं, परत मोरीशी आली आणि ते बोट साबणाच्या वडीवर घासलं. लाल! भीती कुठल्या कुठे पळाली. पुढचा पाऊण तास ती साबणाची वडी घेऊन फिरत होती. कागदावरच्या ओल्या ठशावर वडी घासली, लाल झालं. वाळलेल्या ठशावर घासली, काही होईना. थोडा वेळ नुसती बघत बसली. मग वडी पाण्यात बुडवून आणली आणि पुन्हा घासली. शेवटी एका पिवळ्या पंजाच्या मधोमध तिनं ओल्या साबणाचं टोक टेकवून गोल फिरवलं. "ही आईच्या हातावरची मेंदी," ती म्हणाली. आणि लगेच, "ताई, हे परत पिवळं होतं?"

"बघूया हं," मी म्हटलं.

त्या प्रश्नाकडे मी नंतर येते. आधी त्या पाऊण तासाबद्दल बोलायचं आहे.

तिचं चाललं होतं ते विज्ञान होतं की चित्रकला? मला विचाराल तर या वयाला हा प्रश्न लागूच होत नाही. ओल्यावर होतं आणि वाळलेल्यावर होत नाही हे तिनं करून पाहिलं, म्हणजे प्रयोग केला. लाल गोलात तिला मेंदी दिसली, म्हणजे चित्र काढलं. दोन्हीच्या मुळाशी एकच गोष्ट होती, 'असं केलं तर काय होईल?' पुढे शाळेच्या वेळापत्रकात याचे दोन वेगळे तास होतात. एका तासाला बरोबर उत्तर लागतं, दुसऱ्याला सुबक चित्र. तीन ते सहा वर्षांच्या मुलाला ही वाटणी ठाऊक नसते, आणि ती जितकी उशिरा कळेल तितकं बरं.

पालक विचारतात, "ताई, आमचा मुलगा क्रिएटिव्ह आहे का हो?" जणू तो रक्तगट आहे, असला तर आहे, नसला तर नाही. सर्जनशीलता या जड शब्दाचा साधा अर्थ असा, की ओळखीच्या दोन गोष्टी आजवर न जोडलेल्या रीतीनं जोडणं. साबणानं लाल झालेली हळद आणि आईची मेंदी. दोन्ही तिला माहीत होत्या, जोड तिची होती. लेव वायगॉट्स्की या रशियन मानसशास्त्रज्ञानं 1930च्या सुमारास हेच मांडलं होतं. कल्पना हवेतून येत नाही, ती अनुभवाच्या मालावर चालते. ज्यानं जास्त पाहिलं, हाताळलं, ऐकलं, त्याच्या कल्पनेला माल जास्त. मूल कल्पक व्हावं असं वाटत असेल तर त्याला अट्ठेचाळीस रंगांची पेटी आणण्याआधी ओल्या मातीत हात घालू द्यायला हवेत, ते यामुळे.

मोठ्यांसाठी हळदीमागचं शास्त्र दोन ओळीत सांगून टाकते. हळदीत कर्क्युमिन नावाचं पिवळं द्रव्य असतं. साबण, खायचा सोडा, चुना यांसारखं अल्कधर्मी काही लागलं की ते लालसर होतं. पारंपरिक कुंकू हळदीला चुन्याची जोड देऊन करतात ते याच गुणावर. पिवळ्या डागाच्या शर्टाला साबण लावल्यावर तो लाल दिसून घाबरलेली आई आणि माझी ती चिमुरडी एकाच गोष्टीला घाबरल्या होत्या. फरक इतकाच की छोटी परत वाटीपाशी गेली.

उत्तर सांगितलं तर काय बिघडतं?

मी वाक्य गिळलं त्याला कारण आहे. 2011 साली अमेरिकेत एलिझाबेथ बोनाविट्झ, लॉरा शुल्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यांनी बालवाडीच्या वयाच्या मुलांसाठी नळ्यानळ्यांचं एक खेळणं मुद्दाम बनवलं होतं. त्यात चार गमती होत्या. एक नळी ओढली की 'चूं' आवाज व्हायचा, एक कळ दाबली की दिवा लागायचा, एका जागी सूर वाजायचे आणि एका नळीत आरसा होता. काही मुलांना सांगितलं, "हे खेळणं कसं चालतं ते मी तुला दाखवते हं," आणि फक्त चूं करून दाखवलं. काही मुलांपुढे तोच आवाज चुकून झाल्यासारखा केला. काहींच्या हातात खेळणं नुसतंच दिलं.

ज्यांना 'शिकवलं' होतं ती मुलं खेळण्याशी कमी वेळ रमली, आणि बाकीच्या गमतीही त्यांना कमी सापडल्या.

मला हे वाचून मुलांचं कौतुकच वाटलं. त्यांचा तर्क अगदी बरोबर होता. ज्या बाईला हे खेळणं माहीत आहे तिनं एकच गोष्ट दाखवली, म्हणजे यात तेवढंच असणार. आपण मोठी माणसं दाखवतो तेव्हा नकळत हेही सांगत असतो की बाकी शोधण्यासारखं काही नाही.

याचा अर्थ मुलांना काहीच दाखवू नये असा नाही. कात्री कशी धरायची, कुंचला धुऊन उभा कसा ठेवायचा, डिंक किती घ्यायचा, हे नीट हात धरून दाखवावं लागतं. माझा हिशोब असा, की हत्यार वापरायला शिकवायचं, त्या हत्यारानं काय करायचं ते मुलावर सोडायचं. आपलं नेमकं उलटं होतं. काय करायचं ते आपण ठरवून देतो, आणि कात्री मात्र "तुला लागेल" म्हणून आपणच चालवतो.

मी पूर्वी एका शाळेच्या शिशुवर्गात दोन वर्षं होते. गॅदरिंगला वर्गाबाहेर बत्तीस मुलांचे बत्तीस हत्ती लावले होते. सगळे करड्या कागदाचे, सगळ्यांचं तोंड डावीकडे, सगळ्यांच्या सोंडा वर. पालक फोटो काढत होते. त्यातल्या एकाही हत्तीचा कान मुलाच्या हातानं कापलेला नव्हता. आदल्या रात्री साडेनऊपर्यंत बसून आम्ही बायांनी ते कापले होते, मुलांनी फक्त ठरलेल्या जागी डोळा चिकटवला होता. एका मुलानं डोळा सोंडेच्या टोकावर लावला होता. तोही आम्ही काढून 'जागेवर' बसवला. त्याला विचारायला हवं होतं, सोंडेला डोळा कशाला? कदाचित त्यानं सांगितलं असतं की हत्ती सोंडेनं शोधतो, मग डोळा तिथेच नको का? मी विचारलं नाही. ते मला अजून लागून आहे.

शाबासकीचा चिकट कागद

आणखी एक प्रयोग मला प्रत्येक पालकसभेत सांगावासा वाटतो. 1973चा, मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत केलेला. तीन ते पाच वर्षांची, स्केचपेननं चित्रं काढायला आवडणारी मुलं त्यांनी निवडली. काही मुलांना आधीच सांगितलं, की चित्र काढलंत तर सोनेरी तारा आणि रिबीन लावलेलं प्रशस्तिपत्र मिळेल. काही मुलांना तेच प्रशस्तिपत्र न सांगता, नंतर अचानक दिलं. काहींना काहीच दिलं नाही. एक-दोन आठवड्यांनी तेच पेन वर्गात मोकळे ठेवले आणि कोण आपणहून किती वेळ चित्रं काढतं ते पाहिलं. बक्षिसाच्या बोलीवर काढणाऱ्या मुलांनी इतरांच्या जवळपास निम्माच वेळ चित्रात घालवला. अचानक बक्षीस मिळालेल्यांचा उत्साह मात्र कमी झाला नव्हता.

बक्षीस वाईट ठरलं नाही, बोली वाईट ठरली. जे मूल आवडतं म्हणून करत होतं, ते आता मिळतं म्हणून करायला लागलं, आणि मिळणं थांबल्यावर करणंही थांबलं. वहीवर चिकटवायचे तारे आणि हसरे चेहरे मी त्यानंतर बंद केले. पहिले पंधरा दिवस मुलं मागत होती, मग विसरली.

रेघोट्यांना घाई नसते

दीड वर्षाचं मूल हातात खडू आला की जमिनीवर, भिंतीवर, भावाच्या वहीवर ओढत सुटतं. आपण त्याला पसारा म्हणतो. खरं तर त्याला पहिल्यांदा कळलेलं असतं की हात हलला की मागे खूण राहते. ऱ्होडा केलॉग या अमेरिकन बालशिक्षिकेनं आयुष्यभर जगभरातल्या लहान मुलांची चित्रं जमवली, त्यांची संख्या दहा लाखांच्या घरात होती. त्यांतून तिनं 20 मूळ रेघोट्या वेगळ्या काढल्या: ठिपका, उभी, आडवी, नागमोडी, गिरकीची, अशा. आधी आडव्यातिडव्या, मग गिरक्या, मग एक दिवस गिरकीची दोन टोकं जुळतात आणि मुलाला बंद गोल काढता येतो. साधारण तिसऱ्या वर्षाच्या आसपास हे होतं. हा दिवस माझ्या लेखी पहिलं पाऊल टाकण्याइतका मोठा.

गोल आला की त्याला रेघा फुटतात आणि सूर्य होतो. सूर्याला दोन ठिपके पडले की चेहरा होतो. त्यातल्या दोन रेघा लांबल्या की माणूस. या माणसाला धड नसतं, डोक्यालाच पाय. एक आजोबा नातवाच्या वहीतला असा माणूस घेऊन काळजीनं माझ्याकडे आले होते, "याला पोट कुठंय?" मी त्यांना इतर दहा मुलांच्या वह्या दाखवल्या. सगळीकडे डोक्यालाच पाय. जगभर या वयाची मुलं असाच माणूस काढतात. पोट नंतर येतं, हात कधी कानाच्या जागेतून येतात, आणि मग एसटीचं चित्र येतं ज्यात पत्र्यातूनही आतली सगळी माणसं दिसतात, कारण ती आत आहेत हे मुलाला माहीत असतं. मूल दिसतं ते काढत नाही, माहीत असतं ते काढतं. त्या वहीत "हे बघ, माणूस असा काढायचा" म्हणून आपण नीटनेटका माणूस काढून दिला, तर मूल आपला माणूस काढायचं सोडून आपल्याकडेच मागायला लागतं: "ताई, तू काढून दे." हे चार शब्द बालवाडीत ऐकू आले की मी समजते, कुणीतरी घरी नमुना काढून दिला आहे.

म्हणून रंगवायची छापील पुस्तकं मला आवडत नाहीत. रेघेच्या आत रंग भरणं हा हाताला एक व्यायाम आहे, तेवढंच त्याचं मोल.

पाण्याची घमेली

सर्जनशीलतेचं सगळ्यात स्वस्त सामान म्हणजे पाणी. एक घमेलं, दोन फुलपात्रं, एक उंच पेला, गाळणी, नरसाळं, बाटलीची झाकणं. स्वित्झर्लंडचे जाँ पियाजे यांचा पाण्याचा प्रयोग घरी करून बघण्यासारखा आहे. दोन सारख्या पेल्यांत सारखं पाणी घ्या. "सारखं आहे ना?" मूल हो म्हणेल. मग त्याच्यासमोरच एका पेल्यातलं पाणी उंच, अरुंद पेल्यात ओता. "आता?" साडेचार वर्षांचं मूल छातीठोकपणे सांगेल, उंच पेल्यात जास्त. तुम्ही ओतताना त्यानं बघितलेलं असतं, तरी.

त्याला चूक म्हणू नका, आणि समजावूनही सांगू नका. समजावण्यानं ते कळत नाही. साधारण सहा-सात वर्षांनंतर हळूहळू ते स्वतःच "परत ओतलं की सारखंच होईल" म्हणायला लागतं. तोवर त्याला शेकडो वेळा ओतू द्यायचं. इकडून तिकडे, सांडत, वर भरून, थेंबाथेंबानं.

तरंगणं-बुडणं हा तर महिनाभर पुरणारा खेळ. बटाटा बुडतो. वांगं तरंगतं. मुलांना आधी विचारायचं, मग टाकायचं. संत्रं सालीसकट तरंगतं. तेच सोलून टाकलं की बुडतं! सालीच्या आत बारीक बारीक पोकळ्यांमध्ये हवा असते, ती संत्र्याला तोलून धरते. पण हे सांगायच्या आधी एका पोरानं मला सांगितलं होतं, "त्याचा स्वेटर काढला म्हणून बुडालं." हे उत्तर मी मुद्दाम लिहून ठेवलं आहे. साल म्हणजे अंगावरचं काहीतरी आणि तेच त्याला वर धरतं, हे त्यानं ओळखलं होतं, पोहायला शिकणाऱ्या मुलांच्या पाठीवरच्या डब्याशी जोडायचं तेवढं बाकी होतं.

कोसबाडच्या टेकडीवरून

हे सगळं परदेशी प्रयोगांवर उभं आहे असं कुणाला वाटू नये. आपल्याकडे हे काम फार आधी झालं आहे, आणि ते पैशांच्या नव्हे तर गरिबीच्या मध्यावर उभं राहून झालं आहे. इटलीच्या मारिया माँटेसरींनी 1907 साली रोममधल्या गरीब वस्तीत पहिलं बालघर उघडलं. त्यांच्या विचारानं भारावून गिजुभाई बधेकांनी 1920 साली भावनगरला बालमंदिर सुरू केलं, आणि ताराबाई मोडक त्यांच्या सोबतीनं काम करू लागल्या. पण ताराबाईंना टोचत होतं ते हे, की माँटेसरींची घडीव साधनं महाग होती आणि बालमंदिरं शहरातल्या सुखवस्तू मुलांपुरती राहत होती. त्या 1945 साली डहाणूजवळच्या बोर्डी गावी आल्या आणि ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झालं. अनुताई वाघ तिथेच त्यांच्याबरोबर कामाला लागल्या, आणि 1957 साली काम जवळच कोसबाडच्या टेकडीवर गेलं.

वारली मुलं बालवाडीत येत नव्हती. धाकटी भावंडं सांभाळायची असायची, गुरं राखायची असायची. मग या बायांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली आणि तिला अंगणवाडी म्हटलं. गुरं राखणाऱ्यांसाठी कुरणात शाळा भरवली, ती कुरणशाळा. साधनं कुठली? शंखशिंपले, बिया, पानं, खडे, माती. मोजायला चिंचोके, लावायला शिंपले, रंगाला फुलं. 1975 साली सरकारनं एकात्मिक बालविकास योजना सुरू केली तेव्हा गावोगावच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव पडलं. हा शब्द आज देशभर चालतो.

मला यातलं सगळ्यात मोलाचं वाटतं ते असं, की शिंपला स्वस्त म्हणून वापरला, पण तो घडीव ठोकळ्यापेक्षा चांगला निघाला. ठोकळ्याचं एकच काम असतं. शिंपला मोजता येतो, लहानमोठा लावता येतो, त्यात पाणी भरता येतं, तो ताटली होतो, होडी होतो, कानाला लावला की आवाज देतो. सायमन निकल्सन या इंग्रज कलावंतानं 1970च्या दशकाच्या सुरुवातीला 'सुट्या भागां'चा विचार मांडला. भोवती हलवता, जोडता, मोडता येण्याजोग्या वस्तू जितक्या जास्त, तितकी नवं काही सुचण्याची शक्यता जास्त. कोसबाडला ते आधीच चाललं होतं.

अरविंद गुप्तांनीही हेच दाखवलं. 1970च्या दशकात मध्य प्रदेशातल्या होशंगाबादच्या विज्ञान शिक्षणाच्या कामात त्यांनी आगकाड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची नळी यांची जोडणी केली: नळीचा तुकडा म्हणजे सांधा, काडी म्हणजे दांडा, आणि त्यांतून त्रिकोण, घन, घरं उभी राहतात. पुढे पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेतल्या विज्ञान केंद्रात त्यांनी वर्षानुवर्षं टाकाऊतून खेळणी केली. त्यांची बरीच खेळणी आठ-दहा वर्षांच्या मुलांची आहेत, तीन वर्षांच्या हाती आगकाडी नको. पण भंगाराकडे बघायची नजर कुठल्याही वयाला लागू आहे.

आणि आपला दिवाळीचा किल्ला! याहून चांगला धडा मला कुणी दाखवावा. चाळीतल्या किंवा वाड्यातल्या थोरल्या मुलांच्या पायात पायात चार वर्षांचं पोर असतं. त्याचं काम गोणपाट भिजवणं आणि चिखल कालवणं. दगडविटांवर गोणपाट, त्यावर माती. पाणी जास्त झालं की बुरूज घसरतो, कमी झालं की दुसऱ्या दिवशी भेगा पडतात. मग अळीव किंवा मोहरी पेरायची, रोज हातानं पाणी शिंपडायचं. तीन-चार दिवसांत हिरवं रान उगवतं. मागच्या वर्षी एका मुलानं अळीव फक्त पायऱ्यांवर पेरले. थोरल्यांनी ओरडून विचारलं तर म्हणाला, "मावळ्यांच्या पायाला टोचू नये." माती, पाणी, उतार, बी, इतिहास आणि माया, सगळं एका ढिगाऱ्यात. तयार प्लॅस्टरचा किल्ला विकत आणला की यातलं एकही उरत नाही.

मग आपण काय करायचं?

सामान हाताशी ठेवायचं आणि हात मागे घ्यायचा. दुसरं काम फार कठीण आहे.

घरात एक टोपली ठेवा. तिच्यात खोकी, चिंध्या, मोठी बटणं, रिकाम्या बाटल्या, नारळाच्या करवंट्या, सुतळी, झाडाच्या काटक्या. पोळ्या करताना कणकेचा गोळा द्या, तो साप होईल, लाडू होईल, गोगलगाय होईल. भिंतीचा एक भाग खालून तीन फूट मुलाचा असं जाहीर करा, खडूनं रंगवायला. गोकर्णाची निळी फुलं गरम पाण्यात टाका, पाणी निवलं की ते मुलाच्या हाती द्या आणि शेजारी लिंबू ठेवा, निळ्याचं जांभळं होईल. जास्वंदीच्या पाकळ्यांचं पाणी सोड्यानं हिरवटतं, लिंबानं लालगुलाबी होतं. सकाळी अंगणात मुलाला उभं करून सावलीभोवती खडूनं रेघ मारा, दुपारी त्याच जागी पुन्हा. मे महिन्याच्या मध्यावर मुंबई-पुण्याकडे शून्य सावलीचा दिवस येतो, साडेबाराच्या सुमारास उभ्या बाटलीची सावली तिच्या बुडाखाली जाते. आजीबरोबर एक मिनिट गच्चीत जाऊन ते बघायला हवंच.

बोलायचं कमी, आणि जपून. "छान! काय काढलंस?" यात दोन अडचणी आहेत. 'छान' म्हणताना आपण बघितलेलंच नसतं, आणि काहीतरी 'काढलेलं' असलंच पाहिजे अशी सक्ती असते. त्याऐवजी दिसतं ते म्हणा: "इथे तू खूप जोरात घासलंयस, कागद फाटायला आलाय." मूल लगेच सांगू लागतं, "तिथे पाऊस आहे." प्रश्न विचारायचा तर 'का' पेक्षा 'कसं केलंस' आणि 'आता काय करशील' हे बरे. 'का' म्हटलं की लहान मुलाला वाटतं आपलं काही चुकलं.

एक गोष्ट मात्र मी मुळीच सैल सोडत नाही, ती म्हणजे जपणूक. तीन वर्षांखालचं मूल सगळं तोंडात घालतं, त्यामुळे मणी, चिंचोके, लहान बटणं त्याच्यासमोर नकोत. हरभरा नाकात गेला की ओलाव्यानं फुगतो आणि काढायला डॉक्टर लागतो. खेळण्यातले चपटे गोल सेल आणि छोटी चुंबकं घराबाहेरच बरी. सेल गिळला तर दोन तासांतही अन्ननलिका भाजू शकते, तिथे वाट न बघता दवाखाना गाठायचा. हळदीच्या खेळाला साबण किंवा सोडा द्या, चुना नको, डोळ्यात गेला तर इजा होते. सोड्याचे हातही डोळ्याला लागू द्यायचे नाहीत. फुलं वेचताना कण्हेर आणि धोतरा कुठला ते आधी ओळखून ठेवा, दोन्ही विषारी. आणि पाण्याच्या घमेल्याजवळ मोठं माणूस हवंच, अगदी वीतभर पाणी असलं तरी.

पसाऱ्याचं काय? पसारा होतो. जुनी चादर अंथरायची, जुने कपडे घालायचे, आणि शेवटची पंधरा मिनिटं आवरण्याची. फडकं पिळणं मुलांना चित्राइतकंच आवडतं.

2020च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं तीन ते आठ वर्षं हा पायाभूत टप्पा धरला आणि खेळातून शिकण्यावर भर दिला. तरीही जूनमध्ये पालक विचारतातच, "वही कधी देणार? लिहायला कधी घेणार?" मी त्यांना रागावत नाही. शेजारचं मूल एबीसीडी म्हणून दाखवतं तेव्हा आईच्या पोटात गोळा येणारच. मी त्यांना एक सकाळ वर्गात येऊन नुसतं बसायला सांगते. एकच अट असते, मुलाला मदत करायची नाही.

त्या हळदवाल्या मुलीची आईही अशीच येऊन बसली होती, योगायोगानं तिसऱ्या दिवशी. मधल्या दोन दिवसांत पोरीनं लाल ठिपका परत पिवळा करायचा घाट घातला होता. पाण्यानं धुतला, फिका झाला. दूध लावलं, काही नाही. मीठ चोळलं. फुंकर मारली. उन्हात ठेवला. मला उत्तर माहीत होतं आणि मी ते सांगत नव्हते, हे मलाही जड जात होतं. बुधवारी बालवाडीत खाऊला पोहे असतात. त्या दिवशी मी पोह्यांवर लिंबू पिळलं नाही. फोडी एका ताटलीत काढून मुलांच्या हाताला येतील अशा ठेवल्या, तिच्या कागदापासून हातभर अंतरावर.

पोहे खाता खाता तिनं एक फोड उचलली, चोखली, तोंड वाकडं केलं. मग कागदाकडे बघितलं. आई खुर्चीच्या कडेवर आली होती, तिचा हात पुढे व्हायला लागला तसा मी नुसती मान हलवली. पोरीनं फोड ठिपक्यावर टेकवली आणि दाबली. लाल ठिपक्याच्या मधून पिवळं पसरत गेलं, कडेला लाल रिंगण तेवढं राहिलं.

"आई," ती म्हणाली, "बघ, तुझी मेंदी उतरली."